रेडिओ-लहरी आणि त्यांच्याजवळ काम करणारी माणसे

गतवर्षी आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक मोबाइल टॉवर उभा राहू लागला आणि गावात एकच चर्चा सुरू झाली. त्या मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरींनी मुलांच्या डोक्यावर परिणाम होईल, वृद्धांची झोप उडेल, चिमण्या नाहीशा होतील, असे नाना तर्क आमच्या कानांवर आले. पालकांची सभा भरली, अर्जावर सह्या झाल्या. त्याच आठवड्यात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर आम्हांस विचारले, "सर, माझे बाबा जहाजावर कामाला आहेत. रडारच्या खांबावर चढून ते रंग देतात. त्या लहरींनी त्यांना काही होते का?"

प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. आम्ही भाषा आणि इतिहास शिकविणारे. विज्ञानाशी आमचा संबंध वाचनापुरताच. परंतु आम्हांस खरी खंत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. सभेत दोन तास चर्चा झाली होती. पण जी माणसे कमरेला पट्टा बांधून त्या मनोऱ्यावर चढत होती, आणि तो चालू झाल्यावरही दुरुस्तीसाठी चढणार होती, त्यांच्याविषयी कोणीही, आम्हीसुद्धा, एक शब्द उच्चारला नव्हता. ज्या गोमंतकात घरटी नाही तरी वाड्यागणिक एखादा तारवटी आहे, तेथे तरी हा प्रश्न आम्हांला आधी सुचावयास हवा होता. म्हणून त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी देता न आलेले उत्तर या लेखात देण्याचा यत्न करीत आहोत.

प्रथम या लहरी म्हणजे काय, ते पाहू. प्रकाश, क्ष-किरण आणि रेडिओ-लहरी ही एकाच कुळातील भावंडे होत. या साऱ्या विद्युच्चुंबकीय लहरीच. भेद आहे तो कंपनसंख्येचा. आपण ऐकतो त्या एफ. एम. रेडिओच्या लहरी सेकंदाला सुमारे ८ कोटी ८० लाख ते १० कोटी ८० लाख कंपने करतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरींची कंपने सेकंदाला २ अब्ज ४५ कोटी, तर जहाजावरील रडारची सुमारे ३ अब्ज किंवा ९ अब्ज असतात. ३० कोटींपासून ३०० अब्जांपर्यंतच्या लहरींना सूक्ष्मलहरी किंवा मायक्रोवेव्ह म्हणण्याची पद्धत आहे. आपल्या देशात या लहरींचा प्रयोग प्रथम केला तो जगदीशचंद्र बसूंनी. १८९५ साली कलकत्त्यात त्यांनी तारेवाचून, या लहरींच्या साहाय्याने, दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली होती.

'किरणोत्सर्ग' हा शब्द ऐकला की अणुबाँब आणि क्ष-किरण डोळ्यांपुढे उभे राहतात. येथेच पहिला विवेक करावयास हवा. क्ष-किरणांच्या एकेका पुंजात एवढी ऊर्जा असते, की तो अणूतील इलेक्ट्रॉन उपटून काढतो. यालाच आयनीकरण म्हणतात, आणि पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा होण्याचा मार्ग येथून जातो. मायक्रोवेव्ह भट्टीतील लहरीच्या एका पुंजाची ऊर्जा यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दशलक्षांश असते. लहरी कितीही तीव्र केल्या तरी एकेका पुंजाचे बळ वाढत नाही. याचा अर्थ त्या निरुपद्रवी आहेत असा मात्र नव्हे. त्यांचा उपद्रव वेगळ्या प्रकारचा आहे, आणि तो प्रामुख्याने उष्णतेचा आहे.

पर्सी स्पेन्सर हे अमेरिकेत रडारच्या नळ्या बनविणाऱ्या कारखान्यातील अभियंता होते. १९४५ साली एका चालू नळीजवळ उभे असता त्यांच्या खिशातील चॉकलेटची वडी वितळली, असे सांगतात. तेवढ्यावरून त्यांना अन्न शिजविण्याची कल्पना सुचली आणि १९४७ साली पहिली मायक्रोवेव्ह भट्टी विक्रीस आली. अन्नातील पाण्याचे रेणू या लहरींनी डोलू लागतात आणि अन्न तापते. माणसाच्या शरीरातही निम्म्याहून अधिक पाणीच आहे. तेव्हा जी लहर वडी वितळविते, ती खिसा ज्याचा आहे त्यालाही तापवीत असली पाहिजे, हे ओघानेच आले.

किती तापले म्हणजे अपाय होतो? स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर आपल्या चयापचयातून दर किलोग्रॅममागे सुमारे १ वॅट उष्णता निर्माण करीतच असते. घाम आणि रक्ताभिसरण यांच्या योगे ती बाहेर टाकली जाते. बाहेरील लहरींतून दर किलोग्रॅममागे ४ वॅटपर्यंत ऊर्जा सुमारे अर्धा तास शोषली गेली, तर शरीराचे तापमान साधारणतः १ अंशापर्यंत वाढते, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. ही अपायाची सीमारेषा मानून अ-आयनकारी प्रारण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली व पुन्हा २०२० साली मर्यादा आखून दिल्या. कामगारासाठी त्या सीमेचा दहावा भाग, म्हणजे दर किलोग्रॅममागे ०.४ वॅट, सामान्य जनतेसाठी पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट. जनतेत तान्ही मुले, आजारी व वृद्ध माणसे येतात आणि त्यांना या लहरींची जाणीवही नसते, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा कडक. कामगार प्रशिक्षित आहे, त्याला धोका ठाऊक आहे, या गृहीतावर त्याची मर्यादा पाचपट सैल ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी हे गृहीत ध्यानात ठेवावे. ज्या कामगाराला काहीच शिकविलेले नाही, त्याच्या बाबतीत त्या सैल मर्यादेचा आधारच ढासळतो.

शरीराचे सर्व भाग सारखे तापत नाहीत. डोळ्यातील भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तेथील उष्णता वाहून नेणारे कोणी नसते. १९४८ साली अमेरिकेत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत तीव्र सूक्ष्मलहरींनी मोतीबिंदू होतो असे आढळले, आणि १९५२ साली सूक्ष्मलहरींचे यंत्र चालविणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या दोन्ही डोळ्यांची भिंगे गढूळ झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. पुरुषांची वृषणेही उष्णतेस अशीच नाजूक असतात. आणखी एक गोष्ट अशी, की उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंची टोके मुख्यतः त्वचेत असतात. चुलीजवळ हात नेला की चटका बसतो आणि हात आपोआप मागे येतो. पण कमी कंपनसंख्येच्या लहरी त्वचेखाली खोलवर शिरून तेथे उष्णता सोडतात, आणि त्वचा वेळेवर इशारा देत नाही. याउलट ९ अब्ज कंपनांच्या रडारलहरी बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरांतच शोषल्या जातात. प्रौढ माणसाची उंची आणि लहरीची लांबी यांचे विशिष्ट प्रमाण जुळले म्हणजे शरीर स्वतःच उत्तम एरियल बनते. एफ. एम. रेडिओच्या लहरी नेमक्या या टापूत येतात. म्हणून त्या प्रक्षेपण-मनोऱ्यांवर चढणाऱ्यांनी विशेष जपावयाचे असते.

आता मनोऱ्याखाली राहणारे आपण आणि मनोऱ्यावरचा तो माणूस यांत अंतर किती, ते पाहा. दिव्यापासून दूर जावे तसा उजेड झपाट्याने मंद होतो. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई उरते. शिवाय मोबाइल टॉवरवरील एरियलमधून निघणारा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली कललेला असतो. त्यामुळे पायथ्याशी पोहोचणाऱ्या लहरी ठरलेल्या मर्यादेच्या मानाने फारच क्षीण असतात. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून जनतेसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली, ती या क्षीण लहरींसाठी. एरियलच्या समोर हातभर अंतरावर उभे राहून स्क्रू पिळणाऱ्याची गोष्ट निराळी. यंत्र चालू असेल तर तेथे कामगारासाठीची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. भीती पायथ्याशी जमली होती आणि धोका वर चढला होता, असे आमच्या गावात झाले.

मनोरे आणि रडार यांखेरीज एक तिसरे कामही येथे सांगितले पाहिजे, कारण त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेनकोट, फायलींची वेष्टने, फुगवावयाची खेळणी अशा प्लास्टिकच्या वस्तू सांधण्यासाठी रेडिओ-लहरींची दाबयंत्रे वापरतात. दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिक दाबावयाचे, लहर सोडावयाची, प्लास्टिक वितळून सांधले जाते. या लहरींची कंपने बहुधा २ कोटी ७१ लाख २० हजार असतात. कामगार त्या पट्ट्यांपासून वीतभर अंतरावर हात ठेवून दिवसभर काम करतो. त्याच्या शरीरात विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन तो मनगटांतून व घोट्यांतून जमिनीकडे वाहतो, आणि अशा अरुंद जागी उष्णता अधिक साठते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७९ सालीच या यंत्रांविषयी इशारा प्रसिद्ध केला होता. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका पाहणीत अशा कामगारांत हातांना बधिरता येणे, बोटांची स्पर्शजाणीव मंदावणे व डोळे चुरचुरणे या तक्रारी आढळल्या. यावर उपायही साधे आहेत. पट्ट्यांभोवती धातूचे आवरण बसवावे, यंत्र नीट भूसंपर्कित करावे आणि हात दूर राहतील अशी मांडणी करावी.

येथवर जे सांगितले ते बहुतेक सर्वमान्य आहे. यापुढे मतभेदांचा प्रदेश लागतो. १९५३ साली अमेरिकेत हर्मन श्वान या शास्त्रज्ञांनी दर चौरस सेंटिमीटरमागे १० मिलिवॅट ही मर्यादा सुचविली; ती केवळ उष्णतेच्या हिशेबावर आधारलेली होती. सोव्हिएत संघाने १९५९ साली संपूर्ण कामाच्या दिवसासाठी ठरविलेली मर्यादा होती १० मायक्रोवॅट, म्हणजे हजारपट कडक. तेथील डॉक्टरांनी कामगारांत डोकेदुखी, थकवा, निद्रानाश अशा तक्रारी नोंदविल्या होत्या. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की त्या कामगारांना गोंगाट, उष्मा, रात्रपाळी यांचाही त्रास होता. दोष लहरींचाच हे कशावरून? हा आक्षेप रास्त होता. पण कामगारांच्या तक्रारी ऐकण्याजोग्या असतात, हेही दोन प्रसंगांनी सिद्ध केले.

पहिला प्रसंग असा. रडारजवळ काम करणारी काही माणसे सांगत, की आम्हांला टकटक किंवा गुणगुण ऐकू येते. लहरी म्हणजे ध्वनी नव्हे, तेव्हा हा भास असावा, अशी अनेकांची समजूत होती. १९६१ साली अमेरिकेतील ॲलन फ्रे यांनी प्रयोग करून दाखविले, की माणसांना खरोखरच ऐकू येते. पुढे १९७४ च्या सुमारास याचे कारणही उमगले. रडारच्या प्रत्येक क्षणिक ठोक्याने डोक्यातील ऊती अंशाच्या काही दशलक्षांशाने तापून किंचित प्रसरण पावतात, त्या धक्क्याची ध्वनिलहर आतल्या कानापर्यंत पोहोचते. ऐकू येणे ही इजा नव्हे; पण कामगार खरे तेच सांगत होते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. जर्मनीच्या सैन्यात जुन्या काळी रडार दुरुस्त करणाऱ्या अनेक सैनिकांना पुढे कर्करोग झाला व त्यांनी भरपाई मागितली. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २००३ साली अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा, की मुख्य दोषी रडारच्या लहरी नव्हत्या. रडारयंत्रातील हजारो व्होल्ट दाबाच्या नळ्यांतून जाता जाता क्ष-किरणही निघत, आणि सैनिक आवरणे काढून चालू यंत्रावरच दुरुस्ती करीत. साधारणतः १९७५ पर्यंत या किरणांपासून संरक्षणाची व्यवस्था अपुरी होती. त्या काळातील विश्वसनीय मोजमापे हाती नव्हती. म्हणून ठरावीक कामे केलेल्यांचे ठरावीक आजारांचे दावे मान्य करावेत, अशी शिफारस आयोगाने केली. रोग्याने सांगितलेले कारण चुकीचे असू शकते, पण म्हणून त्याचा रोग व त्याची तक्रार खोटी ठरत नाही. "लहरींनी कर्करोग होत नाही" एवढे म्हणून फाईल मिटविली असती, तर क्ष-किरणांचा पत्ता लागला नसता.

मग खुद्द रेडिओ-लहरींनी कर्करोग होतो काय? कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकन नौदलात असलेल्या ४०,५८१ सैनिकांच्या मृत्यूंची नोंद चाळीस वर्षे ठेवून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रडारशी अधिक संबंध आलेल्यांत मेंदूचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. फक्त विमानांतील विद्युत्-यंत्रणांच्या तंत्रज्ञांत रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार अधिक दिसला, इतर रडार-कामगारांत तो तसा दिसला नाही. २००० साली मोटोरोला कंपनीच्या १,९५,७७५ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही मेंदूचे व रक्ताचे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. अशा अभ्यासांत एक उणीव राहते. कोणाला किती लहरी लागल्या हे त्या वेळी मोजलेले नसते, हुद्द्यावरून अंदाज करावा लागतो. मे २०११ मध्ये कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या लहरींना 'कर्करोगास कदाचित कारण' या वर्गात घातले. मुख्य आधार मोबाइल फोन वापरणाऱ्यांच्या अभ्यासांचा होता. याच वर्गात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, यावरून या 'कदाचित'चे वजन कळावे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या विस्तृत पुनर्विलोकनात मोबाइल फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसून आला नाही. कामगारांविषयीच्या पुराव्यातही तसा संबंध दिसला नाही, मात्र तो पुरावा तुलनेने कच्चा आहे, असे नमूद केले गेले. आजचा निर्णय एवढाच आहे. त्याहून अधिक भिवविणे वा अधिक निर्धास्त करणे, दोन्ही अप्रामाणिकपणाचे होय.

आता त्या विद्यार्थ्याच्या बाबांकडे वळू. जहाजावरील रडारचे एरियल सतत फिरत असल्यामुळे झोत एका जागी क्षणभरच पडतो. खाली डेकवर वावरणाऱ्याला त्यापासून भय नाही. परंतु खांबावर चढणाऱ्याला तीन धोके असतात. जवळून लागणारा झोत, फिरत्या एरियलचा तडाखा बसून तोल जाणे, आणि रेडिओ-प्रक्षेपकाच्या एरियलला किंवा त्याजवळच्या धातूच्या तारेला स्पर्श होऊन बसणारा चटका. म्हणून कोणी वर चढण्यापूर्वी रडार व प्रक्षेपक बंद करावयाचे, ते कोणी चुकून चालू करू नये म्हणून बटणापाशी सूचना लावावयाची, आणि लेखी परवाना घेऊनच चढावयाचे, अशी सुरक्षित रीत आहे.

गेल्या मे महिन्यात ते गृहस्थ रजेवर आले असता मुलासह आमच्या घरी आले. आम्ही ही रीत सांगताच ते हसून म्हणाले, "सर, कागद असतो, सही असते. पण घाई असली म्हणजे..." आणि त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. टोकाशी एक लहानसा पांढरा वण होता. काही वर्षांपूर्वी एका जहाजावर प्रक्षेपक बंद न करताच त्यांना वर पाठविले होते. तारेला बोट लागले आणि चटका बसला. "कोणाला सांगितले?" आम्ही विचारले. "एवढ्याशासाठी काय सांगायचे? पुढच्या खेपेला कामावर घेतले नसते तर?" मुलगा बापाच्या बोटाकडे पाहत राहिला. त्याने तो वण आजवर स्वयंपाकघरातला समजला होता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या तारवटी होईल, कोणी मनोऱ्यावर चढेल, कोणी कारखान्यात दाबयंत्रापुढे बसेल, आणि कोणी अशा माणसांना कामाला पाठविणारा अधिकारी होईल. पहिल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. यंत्र बंद झाल्याची स्वतः खात्री केल्यावाचून एरियलसमोर जाऊ नये. शक्य तेथे बटणाला कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. लहरींची तीव्रता दाखविणारा खिशातला मापक मागून घ्यावा. यंत्राचे आवरण काढून चालू यंत्रात डोकावू नये. हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास आधी सांगावे. या लहरींचा चटका वरून दिसतो त्याहून खोल असू शकतो, म्हणून तो लहान वाटला तरी डॉक्टरांस दाखवावा व वहीत नोंदवावा. उंचावरून पडण्याचा धोका तर या साऱ्याहून मोठा, तेव्हा पट्टा कधीही सोडू नये. आणि जे अधिकारी होतील त्यांनी, चटका बसला असे सांगणाऱ्या माणसाची रोजी जाणार नाही, एवढे पाहावे. मापक आकडा दाखवील. पण मापक जेथे नेलेलाच नाही तेथे काय घडले, हे सांगणारा तो माणूसच असतो.

यंदाच्या पालकसभेत मनोऱ्याचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या आईने उभे राहून विचारले, वर चढणाऱ्या पोरांना मापक देतात का? सभेत कोणालाच ते ठाऊक नव्हते. मनोऱ्याच्या कंपनीकडे तेवढे एक विचारणारे पत्र आम्ही शाळेच्या वतीने लिहिले आहे; उत्तर आल्यावर ते फलकावर लावू.